मंदगोरा : घाऊक खरेदीच्या वहीतले एक नाव

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका माणसाने ग्रीक भाषेत एक टिपणवही लिहिली. त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. वही मात्र आली. दहाव्या शतकातील तिची एक नक्कल जर्मनीतील हायडेलबर्गच्या ग्रंथालयात आहे आणि 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' या नावाने ती जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. छोटीछोटी ६६ प्रकरणे, आणि त्यांत तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबस्तान आणि हिंदुस्थान अशी बंदरांमागून बंदरे. ५३व्या प्रकरणात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची यादी येते. सेमिल्ला, मग मंदगोरा, मग पालैपत्मै, मेलिझिगारा आणि पुढची मंडळी. सेमिल्ला म्हणजे चौल, याबद्दल आता फारसा वाद नाही. मंदगोरा म्हणजे तळा तालुक्यातील मांदाड, असे अनेक अभ्यासक मानतात. १९१२ साली पेरिप्लसचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्फ्रेड शॉफने बाणकोट सुचवले होते. पण चौल सोडून दक्षिणेकडे निघाले की आत दूरवर शिरणारी पहिली मोठी खाडी राजपुरीची लागते, आणि मांदाड त्याच खाडीच्या आतल्या टोकाकडे आहे. शेजारच्या कुडे लेण्यांतील ब्राह्मी लेखांत इथल्या महाभोज घराण्याला 'मांदव' म्हटले आहे, हेही मांदाडच्या बाजूने पडणारे वजन आहे.

मंदगोराबद्दल पेरिप्लसने सांगितलेले एवढेच. कोणता माल मिळतो, काय खपते, राजा कोण, खाडीत शिरताना काय जपावे, यातले काहीही नाही. केवळ नाव, आणि त्या अख्ख्या यादीला लावलेले एक विशेषण : 'स्थानिक बाजार'. तळ्याच्या वाचकाला हे खटकणारच. मला मात्र हा त्रोटकपणाच महत्त्वाचा वाटतो. हे पुस्तक प्रवासवर्णन नसून परदेशी शहरांतून माल उचलणाऱ्याची वही आहे, हे ध्यानात घेतले की कोणत्या जागेबद्दल ती किती बोलते आणि कुठे गप्प बसते, यावरूनच त्या व्यापाराची रचना दिसू लागते.

आधी वही बोलते कुठे ते पाहू. भरुचबद्दल, म्हणजे तिच्या 'बारिगाझा'बद्दल, ती भरभरून बोलते. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी एवढी जबर की अनोळखी तांडेल तिथे जहाज घालवून बसेल. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन समोर येतात आणि जहाज ओढत आत नेतात. तिथे काय खपते? इटलीची दारू सर्वांत जास्त, शिवाय सीरियाच्या लाओदिकेयाची आणि अरबी दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, झिरझिरीत कापड, हातभर रुंदीचे रंगीत कमरपट्टे, काच, मनशीळ, सुरमा. राजासाठी वेगळा नजराणा : चांदीची भांडी, गाणारी मुले, देखण्या मुली, उंची दारू, उंची कापड. आणि घ्यायचे काय? जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, सर्व प्रकारचे सुती कापड, रेशीम, सूत, पिंपळी. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे, हेही सांगून ठेवले आहे.

एक बारकावा तर आजच्या कोणाही आयातदाराला लगेच कळेल. रोमन सोन्याचांदीची नाणी भरुचला न्यावीत, कारण स्थानिक नाण्यांत बदलताना त्यांवर नफा सुटतो, अशी नोंद आहे. म्हणजे माल विकून फायदा, माल घेऊन फायदा आणि मधल्या बदलीतही फायदा. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताच्या शिलालेखात एका सुवर्णाला ३५ कार्षापण असा भाव थेट कोरलेला सापडतो. हा उषवदात क्षत्रप नहपानाचा जावई, आणि पेरिप्लसमधला भरुचचा राजा तो नहपानच, असे बहुतेक अभ्यासक धरतात. एकीकडे परदेशी गिऱ्हाइकाची टिपणे आणि दुसरीकडे त्याच राजवटीतला बदलीचा दर दगडावर. असा योग प्राचीन भारताच्या आर्थिक इतिहासात क्वचितच येतो.

हा सगळा माल भरुचमध्ये पिकत किंवा विणला जात नव्हता. ५१व्या प्रकरणात लेखक 'दखिनबदेस'कडे, म्हणजे दक्षिणापथाकडे वळतो. भरुचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. तिथून पूर्वेकडे आणखी दहा दिवसांवर तगर, फार मोठे शहर. पैठणहून अकीक मोठ्या प्रमाणात येतो. तगरहून जाडेभरडे सुती कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि किनारपट्टीकडून तिथे येणारा इतर काही माल. हे सगळे गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भरुचला उतरते. ही किनारपट्टी पूर्वेची की आपली, यावर मतभेद आहेत. १९८९ साली प्रमाण भाषांतर देणारा लायोनेल कॅसन पूर्व किनाऱ्याकडे झुकतो.

तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे जे. एफ. फ्लीटने १९०१ साली मांडले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याच घडणीची दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणजे ही मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली होती. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही याच घराण्यातली मूर्ती मिळाली. त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती मराठवाड्यातल्याच एखाद्या कारागिराच्या हातची असावी, असे म्हणायला जागा आहे.

आता थोडा हिशेब मांडू. भरुच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर, पैठण ते तेर सुमारे दीडशे. वाटेची वळणे धरली तर बैलगाडीची रोजची मजल वीस किलोमीटरच्या आसपास पडते. म्हणजे पेरिप्लसचे वीस आणि दहा दिवस खरे वाटतात. जुलैत इजिप्तहून सुटलेले जहाज नैर्ऋत्य वाऱ्यांवर स्वार होऊन सप्टेंबरच्या सुमारास आपल्या किनाऱ्याला लागते. परतीसाठी ईशान्येचे वारे हवेत, म्हणून डिसेंबर किंवा फार तर जानेवारीच्या पूर्वार्धात निघायला हवे. रोमन लेखक प्लिनी असेच सांगतो. हातात राहिले जेमतेम तीन-साडेतीन महिने. त्यातला पहिला महिना पावसाने मऊ झालेल्या काळ्या जमिनीचा. ज्याने मराठवाड्यात भाद्रपदातली रेगूर पाहिली आहे, त्याला लादलेली गाडी तिथे कशी रुतते ते सांगायला नको. तेरला जायला एक महिना, यायला एक महिना, आणि मध्ये निवड, घासाघीस, गाठोडी बांधणे.

हे अशक्य नव्हते. पण आपले जहाज भरुचला नांगरून, पगारी खलाशी बसवून ठेवून, वारा चुकला तर अख्खे वर्ष अडकण्याचा धोका घेऊन कोण मिसरी व्यापारी तेरच्या पेठेत कापड चाळत बसेल? माल त्याच्या येण्याआधीच भरुचच्या वखारीत येऊन पडलेला असणार. म्हणजे कोणीतरी तो मागच्या हंगामात, मागच्या उन्हाळ्यात आपल्या पैशाने उचलून ठेवलेला असणार. पुढच्या सप्टेंबरात काय खपेल याचा अंदाज बांधणारा, विणकराला आगाऊ पैसे देणारा, न खपलेल्या मालाचे ओझे सोसणारा असा हा मधला माणूस. याला आपण आजही आडत्या म्हणतो. पेरिप्लसमध्ये तो कुठेच नाही. वहीत माल आहे, अंतर आहे, राजा आहे, वारा आहे. ज्याच्याकडून माल घेतला तो मनुष्य नाही. खरेदीदाराच्या वह्या बहुधा अशाच असतात. व्यापाराचे मर्म असलेल्या माणसाचे नाव बाहेर सांगायचे नसते, हे एक कारण. तो गृहीतच धरलेला असतो, हे त्याहून साधे कारण.

या आडत्याच्या मागे उभी असलेली व्यवस्था मात्र नाशिकच्या त्याच शिलालेखांत सापडते. उषवदाताने गोवर्धन, म्हणजे नाशिकलगतचे गाव, इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसऱ्या विणकर श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रक्कम कधी परत घ्यायची नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. २००० चे वर्षाचे व्याज २४० होते. लेखात वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी सांगितले आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो. दानाचा भाग बाजूला ठेवून हे पुन्हा वाचावे. विणकरांची श्रेणी ठेवी घेते, वर्षाला बारा टक्के द्यायचे कबूल करते, म्हणजे तिच्या धंद्यात त्याहून जास्त सुटत असणार. दोन श्रेण्यांचे दर वेगळे आहेत, म्हणजे पत वेगळी किंवा अटी वेगळ्या. कापडाचा घाऊक बाजार असा पैशाने भरलेला होता. याच उषवदाताने भरुच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा इथे उतारूंसाठी निवारे बांधल्याचे, आणि तापी, दमण, डहाणू इथल्या नद्यांवर फुकट तर चालवल्याचे लेख सांगतात. पुण्य तर होतेच. पण नकाशावर ठिपके जोडले, तर नाशिककडून आणि कोकणातून भरुचकडे जाणाऱ्या वाटा उठून दिसतात.

इथे एक प्रश्न उरतो. पैठणहून कल्याण सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्याही आत आहे; नाणेघाट उतरला की बंदर. मग माल शंभर किलोमीटर अधिक चालवून भरुचला का न्यायचा? उत्तर पेरिप्लसच्या ५२व्या प्रकरणात आहे आणि ते राजकारणाचे आहे. थोरल्या सरगनच्या, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या काळात कल्याण हे रीतसर मान्यता असलेले व्यापारी बंदर होते. पुढे ते सँडनेस नावाच्या सत्ताधीशाकडे गेले आणि तिथला व्यापार अडवला गेला. चुकून एखादे ग्रीक जहाज तिथे लागलेच, तर पहाऱ्यात भरुचला नेले जाते, असे लेखक बजावतो. सँडनेस कोण, यावर तज्ज्ञांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. आपल्याला त्यातून एवढे घ्यायचे आहे की परदेशी गिऱ्हाईक कोणत्या दारातून आत येणार, यासाठी दोन राजवटी झुंजत होत्या. या झुंजीचा पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला घागरीने सापडला. नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा मारलेला आपला ठसा.

चौल आणि मंदगोरा यांचा 'स्थानिक बाजार' हा शिक्का या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. ग्रीक लेखक कल्याणसाठी वापरतो ते 'कायदेशीर, ठरवून दिलेले' या अर्थाचे विशेषण आणि आपल्या बंदरांसाठी वापरतो ते 'स्थानिक', यांत त्याच्या दृष्टीने व्यवहाराचा फरक होता. पहिल्या जागी परदेशी व्यापाऱ्याला काही हमी होती. दुसऱ्या जागी देशी गलबते देशी माल हलवत होती. याचा अर्थ तिथे व्यापार किरकोळ होता असा काढणे चुकीचे ठरेल. पेरिप्लसच ३६व्या प्रकरणात सांगतो की भरुचहून मोठी जहाजे सागवान, शिसवीसारखे काळे लाकूड आणि तांबे लादून इराणच्या आखाताकडे जातात. सागवान सह्याद्रीच्या जंगलातले, आणि ते घाटाखालच्या खाड्यांतूनच बाहेर पडणे सोपे. मिसरी गिऱ्हाइकाला लाकडात रस नव्हता, म्हणून त्याच्या वहीत आमच्या खाडीसमोर रकाना रिकामा. एका गिऱ्हाइकाची यादी म्हणजे बाजार नव्हे, हे इतिहास लिहिताना आपण फार वेळा विसरतो. शे-दीडशे वर्षांनी चित्र बदललेले दिसते. दुसऱ्या शतकात टॉलेमी आपल्या भूगोलात सांगतो की सिमिल्लाविषयीची त्याची माहिती तिथे वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आली आहे, आणि तिथले लोक त्या गावाला तिमुला म्हणतात. म्हणजे तोवर परदेशी माणूस थेट रायगडच्या किनाऱ्याला लागत होता, आणि गावाचे नाव गावकऱ्यांच्या तोंडून ऐकत होता.

पैसा कुठून येत असे? याचे उत्तर व्हिएन्नात जपलेल्या एका पपायरसमध्ये आहे. १९८५ साली तो प्रसिद्ध झाला. दुसऱ्या शतकाच्या मध्याचा हा कागद केरळातल्या मुझिरिसच्या खेपेसाठी घेतलेल्या कर्जाशी संबंधित आहे. माल तांबड्या समुद्रावर उतरवायचा, उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कोप्टोसला न्यायचा, तिथून होडीने अलेक्झांड्रियाला; तिथे शेकडा पंचवीसचा कर भरायचा; कर्ज फिटले नाही तर सावकाराने माल ताब्यात घ्यायचा. दुसऱ्या बाजूला 'हर्मापोलोन' या जहाजावरच्या मालाची यादी आहे : गंगेकाठच्या जटामांसीच्या साठ पेट्या, हस्तिदंत, कापड. कर वजा जाता त्या मालाची किंमत ११५४ टॅलेंट २८५२ द्राख्मा, म्हणजे सुमारे ६९ लाख द्राख्मा. एका जहाजाची ही उलाढाल! स्ट्रॅबोच्या म्हणण्याप्रमाणे एकट्या म्योस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानकडे निघत. प्लिनी कुरकुरतो की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो आणि बदल्यात जो माल देतो तो इथे शंभरपटीने विकला जातो. प्लिनीचे रडगाणे आपल्या पाठ्यपुस्तकांत 'भारताची समृद्धी' म्हणून येते. पण त्याचेच वाक्य उलट बाजूने वाचले तर शंभरातला एक हिस्सा मूळ ठिकाणी राहिला आणि बाकीचा वाटेवर, करात, व्याजात आणि अलेक्झांड्रियाच्या गोदामांत जिरला. प्लिनीचा आकडा फुगवलेला असणार. तरी तेरच्या विणकराच्या वाट्याला काय आले असेल याचा अंदाज करताना तो डोळ्यांआड करता येत नाही.

वहीत नसलेली माणसे शोधायला मग लेण्यांकडेच जावे लागते. घाटमाथ्यावर, बोरघाटाच्या तोंडाशी कार्ल्याचे चैत्यगृह आहे. तिथल्या अनेक खांबांवर 'धेनुकाकट' गावच्या यवनांनी ते दिल्याचे लेख आहेत. नाणेघाटाच्या वरच्या अंगाला जुन्नर, आणि तिथेही तीन यवन दाते. हे यवन मिसरचे ग्रीक की वायव्येकडून आलेले, हा वाद जुना आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांची नावे अस्सल प्राकृत वळणाची आहेत, म्हणजे हंगामापुरते आलेले ते पाहुणे नसावेत. इथे राहून मालाची पारख करणारे, इथल्या विहाराला दान देणारे असे कोणी असावेत. परदेशी घाऊक बाजारातून माल घ्यायचा तर तिथे आपला एक माणूस बसवावा लागतो. ते काम करणारी माणसे अशीच असतात, निम्मी इकडची आणि निम्मी तिकडची.

आणि मग कुडे. राजपुरीच्या खाडीचा फाटा समोर ठेवून डोंगरात खोदलेली ही २६ लेणी तळ्यापासून फार दूर नाहीत. मोठ्या लेण्यांच्या मानाने इथे येणारे कमी, आणि येतात तेही बहुधा सहाव्या लेण्यातली नंतरच्या काळातली बुद्धशिल्पे पाहून परततात. मला इथले लेख जास्त बोलके वाटतात. महाभोजांच्या पदरचा लेखक, म्हणजे कारकून, लेणे देतो. वैद्य देतो. माळी देतो, आणि फुलांचा धंदा करणाऱ्याने दगड खोदवून घ्यावा एवढा पैसा त्याच्याकडे शिल्लक राहतो, याचा अर्थ गाव खाऊनपिऊन सुखी होते आणि फुलांना रोज गिऱ्हाईक होते. श्रेष्ठी आहेत, सार्थवाह म्हणजे तांड्याचे म्होरके आहेत. आणि एक आहे करहाकडचा लोहवाणिय महिक. करहाकड म्हणजे कऱ्हाड. लोखंडाचा हा व्यापारी कृष्णाकाठचा. त्याचे लेणे मात्र कोकणातल्या या खाडीवर. माणूस दान तिथे देतो जिथे त्याचे येणे-जाणे असते, ओळखदेख असते, पत असते. कऱ्हाडहून घाट उतरून मांदाडच्या खाडीपर्यंत लोखंडाची वाहतूक होती असे यावरून म्हटले, तर ते फार ओढूनताणून होणार नाही. मिसरच्या वहीत ज्या बंदरापुढे एकही वस्तू लिहिलेली नाही, त्या बंदरावरचा एक माल असा शेजारच्या डोंगरावर कोरलेला आहे.

हे सगळे आज आठवायला एक कारण आहे. मुंबई-गोवा महामार्ग इंदापूरला सोडून तळ्याकडे वळावे, दिवाळीच्या आठ दिवस आधी बाजारपेठेतून चालावे. विजेच्या माळा, प्लास्टिकचे कंदील, तोरणे, खेळणी, मोबाईलची कव्हरे. दुकानदाराने हा माल मुंबईहून उचललेला असतो : लोहार चाळीतून, मस्जिद बंदरातून, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून. आणि यातला बराचसा माल मुंबईत येतो तो चीनच्या झेजियांग प्रांतातल्या यिवू या शहरातून. यिवूत १९८२ साली रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना रीतसर बाजार भरवायची परवानगी मिळाली. आज तिथल्या व्यापारनगरीचे पाच विभाग आहेत आणि गाळ्यांची संख्या ७५ हजारांच्या घरात आहे. गाळ्यावर फक्त नमुना मांडलेला असतो. खोक्यात किती नग, खोके किती घनमीटर, कमीत कमी किती खोकी घ्यायची, एवढे बोलणे होते आणि आकडे कॅल्क्युलेटरवर दाखवले जातात. मुंबईच्या एका छोट्या व्यापाऱ्याला कंदिलाचा अख्खा कंटेनर परवडत नाही, म्हणून वीस गाळ्यांतला माल एकाच कंटेनरात भरतात. तो वीस ठिकाणांहून गोळा करायचा, मोजायचा, तुटका परत करायचा, गोदामात ठेवायचा आणि निंगबो बंदरावर पोचवायचा, हे काम तिथला एजंट शेकड्याच्या कमिशनवर करतो. साधारणपणे तीसेक टक्के आगाऊ आणि बाकी माल भरण्याआधी, अशी रीत. दिवाळीचा माल दिवाळीला दुकानात हवा तर वसंतातच ऑर्डर द्यावी लागते. वाऱ्याची जागा जहाज कंपन्यांच्या वेळापत्रकाने घेतली आहे, हंगाम मात्र हंगामच राहिला.

यिवूही समुद्रावर नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. पैठण-तेरसारखे ते आत आहे, आणि निंगबो हे त्याचे भरुच. तिथेही निर्णायक माणूस बंदरावर किंवा कारखान्यात बसत नाही; तो मध्ये बसतो, माल धरून. २०२०च्या महासाथीत चीनने दारे लावली, भारतीय व्यापाऱ्यांचे व्हिसा बंद झाले, दोन-अडीच वर्षे कोणी यिवूला फिरकू शकले नाही. तरी कंदील येतच राहिले. एजंट फोनवरून गाळ्यांचे नमुने दाखवत होता, इथून मान डोलवली की खोकी बांधली जात होती. परदेशी खरेदीदार प्रत्यक्ष बाजारात नसतानाही बाजार चालतो, हे तेरच्या बाबतीत आपण अंतरांच्या हिशेबावरून काढले. यिवूच्या बाबतीत ते आपल्या डोळ्यांसमोर घडले.

कल्याणच्या अडवणुकीचीही आठवण होईल असे एक प्रकरण याच वर्षांत झाले. फेब्रुवारी २०२०मध्ये खेळण्यांवरची आयातजकात २० टक्क्यांवरून ६० झाली, पुढे २०२३ साली ७०. १ जानेवारी २०२१पासून भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्राशिवाय खेळणी विकायला बंदी आली. यिवूच्या गाळ्यावरची लहान मुलांची मोटार पूर्वीसारखी सहज मुंबईत उतरेना. देशी खेळणी बनवणाऱ्यांना याने उभारी मिळाली हे खरे. गावातल्या दुकानदाराच्या मांडणीतून दहा-वीस रुपयांचे खेळणे कमी झाले, हेही खरे. दार कोणाचे आणि कोणासाठी उघडे, हे ठरवणारा पैठणात किंवा यिवूत बसत नाही.

हे कंटेनर उतरतात ते रायगड जिल्ह्यातच. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ साली उरणजवळ सुरू झाले. तिथे उतरलेले खोके सोडवून मुंबईत जाते, मस्जिद बंदरात फुटते, आणि त्यातली दोन डझन तोरणे तळ्याचा दुकानदार गोणीत घालून पुन्हा त्याच जिल्ह्यात घेऊन येतो. मांदाडच्या खाडीत आज मासेमारीच्या होड्या असतात. कुड्याच्या डोंगरावरून ती खाडी अजून दिसते. महिकच्या लेखाची अक्षरे पुसट झाली आहेत, पण सकाळचे ऊन तिरपे पडले की जाणत्याला वाचता येतात.